प्रोटीन बारचं तिसरं प्रूफ

"आधी पाठ वाचावी, मग पोट भरावं," असं भिंगकाका म्हणायचे. दिवसातून किती वेळा म्हणतात ते त्यांच्या सुनेनं एकदा मोजायला घेतलं होतं. दुपारच्या चहापर्यंत अकरा झाले, तेव्हा तिनं नाद सोडला.

पाठ म्हणजे पाकिटाची पाठ. पुढची बाजू कुणीही वाचतं. ती रंगीत असते, ठळक असते, हसून बोलावते. मागची बाजू बिचारी राखाडी, बारीक, चिमटीएवढ्या जागेत कोंबलेली. भिंगकाकांचं अवघं आयुष्य त्या चिमटीएवढ्या जागेत गेलं होतं.

गल्लीच्या टोकाला लेबलं छापणारा छापखाना होता. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांनी चौतीस वर्षं प्रूफं वाचली. खोकल्याच्या औषधाची, साबणाची, बिस्किटांची, उंदीर मारायच्या गोळ्यांची. उजव्या हातात लाल पेन्सिल आणि डाव्या हातात पितळी कड्याचं भिंग. त्या भिंगावरूनच नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त रेशनच्या कागदावर उरलं. एकदा खोकल्याच्या औषधाच्या लेबलावर मोठ्यांचा डोस लहानांच्या रकान्यात गेला होता. यंत्र चालू झालेलं, कागद भराभर पडतायत, आणि हा माणूस दोन्ही हात पसरून यंत्रापुढे उभा राहिला. चौदा हजार लेबलं रद्दीत गेली. ही गोष्ट ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी यंत्राची धार त्यांच्या छातीच्या थोडी जवळ येई.

त्यांचा एक नियम होता. प्रूफ नुसतं वाचून पास करायचं नाही; शेजारी मूळ प्रत ठेवायची आणि ओळीला ओळ ताडून बघायची. शेजारच्या टेबलावरच्या एकानं एकदा मूळ प्रत न बघताच सही ठोकली होती. त्याला उचलून गठ्ठे मोजायला बसवलं. "तो अजून गठ्ठे मोजतोय," असं भिंगकाका सांगत. तो माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या लेखी त्याची सुटका नव्हती.

घरातही तेच. लग्न ठरायच्या वेळी मुलीचा फोटो हातात आला, तर यांनी आधी तो उलटा केला. मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती.

"फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"आणि मुलगी आजची आहे," समोरून आवाज आला. "ती समोर बसलीय. तिला बघा."

तीच पुढे सुनेची सासूबाई झाली. चाळीस वर्षं झाली, पण भांडणात अजून ती तो फोटो काढायची.

नोकरी संपली तरी भिंगकाकांचं छापखान्यात जाणं संपलं नाही. रोज चारच्या ठोक्याला घरातून निघायचं, तीनशे चाळीस पावलं चालायची, आणि आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसायचं. तिथली नवी माणसं त्यांच्यापुढे एखादं प्रूफ सरकवत. बहुतेक वेळा त्यात काही नसे. पण महिन्याकाठी एखादी चूक सापडे, आणि त्या संध्याकाळी भिंगकाका घरी येताना जिन्याच्या पायऱ्या मोजत नसत. तेवढ्यावर त्यांचा जीव तगून होता. हे सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते त्यांच्या पायांच्या आवाजावरून कळे.

आणि मग पाय थांबले.

झालं असं की कोपऱ्यावरच्या दुकानात नवा माल आला होता आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर लावला होता. त्या उंचीवर पाकिटाची फक्त पुढची बाजू दिसते. भिंगकाका दुकानदाराच्या स्टुलावर चढले, पाकीट उलटं केलं, भिंग लावलं, आणि तिसऱ्या ओळीवर असताना स्टूल कलंडलं. खुब्याचं हाड मोडलं. दुकानदार धावत आला तेव्हा ते जमिनीवर आडवे पडून म्हणत होते, "यात पामतेल आहे. पुढे लिहिलेलं नाही."

हाडांच्या डॉक्टरांनी हाड जुळवलं. हाड म्हणाल तर छान जुळलं. पण सहा आठवडे पडून मांडी वाळली. घरी आले ते चार पायांचा वॉकर घेऊन, आणि सोबत डॉक्टरांचं बजावणं घेऊन: दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, नाहीतर व्यायाम करून उपयोग नाही. जेवणातून जेमतेम तीस जायचं, कारण भिंगकाका आधीच चिमणीसारखे जेवायचे, आणि आता चिमणीनंही हसावं एवढं. दूध त्यांना पचत नसे. अंडी त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. "मग ते वनस्पतीच्या प्रोटीनचे बार मिळतात, ते द्या," डॉक्टर म्हणाले. "लहानसा असतो, दोन खाल्ले की काम झालं."

डॉक्टरांना काय ठाऊक, लहानशा बारला पाठही असते.

सून बेकरीत कामाला होती. पहाटे जाई, दुपारी दोनला सुटे. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर या शहरातून त्या शहरात फिरत असायचा, त्यामुळे घरची लढाई तिच्याच अंगावर होती. पहिल्या दिवशी ती हिरवं पान छापलेला बार घेऊन आली. भिंगकाका खुर्चीत बसले होते, पुढ्यात वॉकर. त्यांनी बार उलटा केला आणि भिंग लावलं.

"घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, माहीत आहे ना?" ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. तुम्हीच सांगितलंय. शंभरदा."

"मग ऐक. पहिला खजुराचा पाक. दुसरा ग्लुकोजचा पाक. तिसरं चॉकलेटचं आवरण. मग तेल, मग भाताच्या लाह्या, मग कसलासा डिंक. आणि सातवं वाटाण्याचं प्रोटीन. पाकिटावर नाव याचं, आणि हा उभा सातव्या रांगेत! स्वतःच्या लग्नात नवरदेव मांडवाबाहेर!"

"अहो, औषध समजून गिळा," सासूबाई आतून ओरडल्या.

"औषधाची पाठ तर आधी वाचतात!"

बार परत सरकवला गेला. तो सासूबाईंनी खाल्ला, कारण टाकायचं कसं.

दुसऱ्या दिवशीच्या बारवर पुढे 'साखर घातलेली नाही' असं लिहिलं होतं. मागे भाताचा पाक, सफरचंदाच्या रसाचा पाक आणि माल्टोडेक्स्ट्रिन. "साखरेनं तीन वेश बदललेत," भिंगकाका म्हणाले, "आणि पहारेकरी म्हणतो, आत कुणी आलंच नाही." तोही सासूबाईंनी खाल्ला.

तिसऱ्यावर वीस ग्रॅम प्रोटीन होतं. सून हरखून गेली होती. पण भिंगकाकांनी भिंग कोपऱ्यात नेलं आणि गालात हसले. "वीस ग्रॅम प्रत्येक सर्व्हिंगला. एक सर्व्हिंग म्हणजे दोन बार. पाकिटात बार किती?"

"एक," सून म्हणाली.

"म्हणजे पाकीट फोडून, सगळं खाऊन, तोंड पुसून माणूस अर्ध्यावरच उठतो."

चौथा खरंच बरा होता. प्रोटीन भरपूर, साखर नावाला. रांगेत सगळे आपापल्या जागी. सुनेला वाटलं, सुटलो. भिंगकाका शेवटच्या ओळीवर थांबले आणि ती ओळ त्यांनी सावकाश, एकेक शब्द ठेवत वाचली: "अति सेवनाने पोट बिघडू शकते." त्यांनी बार खाली ठेवला. मग वॉकरकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला इथून तिथे जायला अकरा मिनिटं लागतात."

चौथाही सासूबाईंकडे गेला.

व्यायाम करून घेणाऱ्या ताई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. त्यांच्याकडे कापडी टेप होता. त्या टेपनं भिंगकाकांच्या मांडीचा घेर घ्यायच्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. पहिल्या मंगळवारी अडतीस सेंटिमीटर. पुढच्या मंगळवारी साडेसदतीस. त्याच्या पुढच्या मंगळवारी सदतीस. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. ताईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काकू, तुमच्या तब्येतीला काय झालं? तेज आलंय!"

"यांचं प्रोटीन मला लागू पडलंय," सासूबाई म्हणाल्या. "यांचं आधीपासून असंच. वाचायचं यांनी आणि निस्तरायचं मी."

सगळे हसले. भिंगकाकाही हसले. पण दारापर्यंत सोडायला सून गेली तेव्हा ताई हसत नव्हत्या. "स्पष्ट सांगते," त्या चपला घालता घालता म्हणाल्या. "मांडी अशीच उतरत राहिली तर महिन्याभरानं मीही काही करू शकणार नाही. आत्ता तो वॉकर पाहुणा आहे. मग घरचा होईल."

सून मागे वळली. भिंगकाका खिडकीशी होते. चार वाजले होते. ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते, जिथे छापखान्याची पत्र्याची पाटी दिसत होती. तीनशे चाळीस पावलं. त्यांच्या मांडीवर भिंग होतं आणि वाचायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बेकरीच्या मालकीणबाईंना विचारलं, "दोन वाजल्यानंतर मधला टेबल तासभर देता का?"

"काय करणार आहेस?"

"सासऱ्यांसाठी बार."

"त्यांच्यासाठी?" मालकीणबाईंनी कपाळाला पिठाचा हात लावला. "माझ्या पावाच्या पाकिटावर त्यांनी मागच्या वर्षी तीन चुका काढल्यात. घे टेबल. पण मला यात ओढू नकोस."

वाटाण्याच्या प्रोटीनची पूड मोठी लबाड वस्तू आहे. वाटीत असते तेव्हा गरीब दिसते, आणि एकदा का ओल लागली की सगळं पाणी पिऊन बसते. पहिल्या दिवशीचे बार दुपारी मऊ होते आणि संध्याकाळी विटा झाले. सुनेनं सुरी मारली तर सुरीचं टोक वाकलं. दुसऱ्या दिवशी खजूर वाढवला, तर बार ट्रेला असा चिकटला की ट्रेसकट खावा लागला असता. तिसऱ्या दिवशी पूड कमी केली, भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत दळून घेतले, भोपळ्याच्या बिया भाजल्या, मूठभर ओट्स घातले, चिमूटभर मीठ. ट्रेमध्ये दाबून वरून वजन ठेवलं. संध्याकाळी बोटानं दाबून बघितलं. दबला आणि परत वर आला. तिनं कोपरा तोडून खाल्ला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. शेंगदाण्याच्या मागून वाटाणा हळूच येत होता, अंगणात उशिरा आलेल्या माणसासारखा, कुणाला त्रास न देता.

पण तिला पुढचं ठाऊक होतं. उघडा बार घरी नेला तर भिंगकाका म्हणणार, "पाठ नाही त्याला पोट नाही." म्हणून तिनं लेबलही केलं. बेकरीतल्या हिशेबाच्या संगणकावर बसून प्रत्येक जिन्नस शोधला, तक्ता केला, छापला, बटरपेपरवर चिकटवला. तिला वाटलं, हे पंधरा मिनिटांचं काम. भिंगकाकांच्या सुनेनं असं वाटून घ्यावं हीच मुळात चूक.

त्यांनी लेबल हातात घेतलं. भिंग लावलं. मग भिंग बाजूला ठेवून बोटांवर काहीतरी मोजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जो सुनेनं दोन महिन्यांत बघितला नव्हता.

"लाल पेन्सिल आण."

"बाबा, काय झालं?"

"आधी पेन्सिल!"

पेन्सिल आली. "बारचं वजन किती?"

"पन्नास ग्रॅम."

"प्रोटीन पंधरा. मेद बावीस. कर्बोदकं चौतीस. बेरीज कर."

सुनेनं बेरीज केली. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "एकाहत्तर."

"पन्नास ग्रॅमच्या बारमध्ये एकाहत्तर ग्रॅम माल!" भिंगकाका खुर्चीत उसळले, आणि उसळता उसळता दोन बोटं वर उठलेही. "अगं, बाळंतिणीपेक्षा बाळ जड!"

आतून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भांडं पडल्याचा.

सुनेला चूक कुठे झाली ते लगेच कळलं. सगळे आकडे शंभर ग्रॅमचे काढले होते आणि मग अर्धे करायचे होते. प्रोटीनचा आकडा अर्धा केला, तेवढ्यात पीठ मळायच्या यंत्राची घंटा वाजली, ती उठून गेली, आणि परत आल्यावर छापायचं बटण दाबलं.

"आणि हे काय?" पेन्सिल पुढे सरकली. "पहिला घटक वाटाण्याचं प्रोटीन. किती घातलंस?"

"अकरा ग्रॅम."

"शेंगदाणे?"

"पंधरा." मग हळू आवाजात, "खजूर तेरा."

भिंगकाकांनी भिंगातून तिच्याकडे बघितलं. भिंगात त्यांचा डोळा बशीएवढा दिसत होता. "म्हणजे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, तिसऱ्याला उचलून पहिला केलास."

"प्रोटीन बार आहे ना, बाबा. बरं दिसतं म्हणून..."

"त्या हिरव्या पानवाल्यालाही बरंच दिसलं होतं."

तिला सगळ्यात लागलं ते हेच, कारण खरं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लाच दिली नव्हती, तरी पुढे मिरवायची गोष्ट हातानं आपोआप पुढे ठेवली होती.

दुसरं प्रूफ दुसऱ्या दिवशी आलं. पंधरा, अकरा, सतरा. बेरीज त्रेचाळीस.

"उरलेले सात ग्रॅम कुठे गेले?"

"पाणी, बाबा. खजुरात असतं. आणि थोडे क्षार."

"हं." त्यांनी मान हलवली. त्यांना उत्तर आवडलं होतं, ते लपवायला त्यांनी दुसरी चूक शोधली. खाली शेंगदाणे ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी जी सूचना हवी ती नव्हती. बार कधी केला आणि कधीपर्यंत खावा, तेही नव्हतं. तिसरं प्रूफ आलं. त्यात सगळं होतं. भिंगकाकांनी ते तीनदा वाचलं, उलटं करून वाचलं, उजेडापुढे धरून वाचलं.

"निर्दोष आहे," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलले. असं समाधानानं रेलले, जसा माणूस भरपेट जेवून रेलतो. बार पुढ्यात बशीत होता. त्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. तीन दिवस लाल पेन्सिल चालली होती, घरात चैतन्य होतं, आणि बाकीचे सगळे बार सासूबाईंच्या पोटात गेले होते.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. कॅलेंडरवर सदतीस लिहिलेलं तिला समोर दिसत होतं. ती उठून ओरडणारच होती. मग तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. पेन्सिल लेबलाच्या खालच्या कोपऱ्याकडे निघाली होती, सही करायला.

"थांबा, बाबा."

पेन्सिल थांबली.

"मूळ प्रतीशी ताडलंत?"

"कसली मूळ प्रत? हे तूच तर केलंस."

"लेबल मी केलं. पण लेबल कशावरून केलं? यात पंधरा ग्रॅम शेंगदाणे आहेत असं लिहिलंय. आहेत का? बिया आहेत म्हणतंय. दिसल्या का? मऊ आहे, दहा दिवस टिकतो म्हणतंय. तुम्हाला काय माहीत? नुसतं वाचून सही करताय." ती थांबली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गठ्ठे मोजणाऱ्यासारखी."

आत सासूबाईंचं चावणं बंद झालं.

भिंगकाकांनी लेबलाकडे बघितलं. मग बशीतल्या बारकडे बघितलं. त्याच्याकडे त्यांनी आजवर असं बघितलंच नव्हतं. पाकिटाच्या आत काही असतं, हे चौतीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणा ना. छापखान्यात नुसती लेबलं यायची, माल कधी आला नव्हता.

"वजनकाटा आण," ते म्हणाले.

बेकरीतला छोटा काटा सुनेच्या पिशवीतच होता. बार बावन्न ग्रॅम भरला.

"दोन ग्रॅम जास्त," ते म्हणाले. "कमी भरलं तर लबाडी, जास्त भरलं तर गबाळेपणा. लिहून ठेव." मग त्यांनी बार सुरीनं कापला, कापलेल्या कडेवर भिंग धरलं, भोपळ्याच्या बिया मोजल्या. नऊ. शेवटी, ज्याला दुसरा उपायच उरला नाही अशा माणसासारखा, एक तुकडा तोंडात टाकला. तो चघळताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ते मनातल्या मनात लेबल म्हणत होते, ओळीला ओळ लावत.

तुकडा संपला. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा. बशी रिकामी झाली.

"कसा आहे?" सुनेला राहवलं नाही.

"चवीबद्दल लेबलावर काही विधान नाही. त्यामुळे मला मत नाही."

"मग सही?"

"एका नमुन्यावर?" त्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आजचा बावन्न भरला. उद्याचा कशावरून पन्नास भरेल? प्रत्येक घाणा वेगळा. रोज दोन नमुने लागतील. सकाळचा एक, दुपारचा एक. किमान महिनाभर."

"रोज दोन," सून म्हणाली. तिनं वळून कपाट उघडलं आणि उगाचच त्यात काहीतरी शोधलं, चेहरा दिसू नये म्हणून.

मग महिनाभर घरात तपासणी चालली. सकाळी दहाला एक, दुपारी साडेतीनला एक. वहीत नोंदी होऊ लागल्या: 'पन्नास ग्रॅम. बिया आठ. कड किंचित कोरडी.' 'एकोणपन्नास ग्रॅम. बिया अकरा, हात सैल सुटला आहे.' एक दिवस सून मीठ घालायला विसरली तर वहीत अर्धं पान भरलं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "एवढी तपासणी माझ्या स्वयंपाकाची कधी केली नाहीत." भिंगकाका म्हणाले, "तुझ्यावर लेबल नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, "होतं. तुम्ही ते उलटं करून तारीख वाचलीत."

नुसतं खाऊन मांडी भरत नाही, हे ताईंनी बजावून सांगितलं होतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा, तीनदा. आधी भिंगकाका त्यासाठी कुरकुरायचे. पण आता काटा सुनेनं उंच मांडणीवर ठेवला होता. नमुन्याचं वजन करायचं तर उठावं लागे. मग वही दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मग भिंग तिसऱ्या. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. ज्या माणसाला राखाडी कागदावरचं राखाडी अक्षर दिसतं, त्याला सुनेची ही चाल दिसली नसेल? पण ते उठत राहिले.

कॅलेंडरवर साडेसदतीस आलं. मग अडतीस. एका मंगळवारी ताईंनी टेप दोनदा गुंडाळला, एकोणचाळीस लिहिलं आणि म्हणाल्या, "आता काठी चालेल. वॉकर कुणाला तरी देऊन टाका."

त्याच आठवड्यात मालकीणबाई सुनेला म्हणाल्या, "ते तुझे बार उरतात का कधी? दोघी-तिघी विचारत होत्या. समोर मांडूया काचेत. पण लेबल छापून आण. आणि पास करून आण," त्यांनी आवाज खाली आणला, "माझ्या दुकानात त्यांनी पुन्हा यायला नको चुका काढायला."

साडेतीनला भिंगकाकांनी शेवटचा नमुना खाल्ला. हात पुसले. लेबलाचा कागद पुढे ओढला, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं: 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले. छापण्यास हरकत नाही.' खाली सही, खाली तारीख.

सुनेनं हात पुढे केला. "द्या, बाबा. मी बेकरीत परत जातेच आहे, आधी छापखान्यात देऊन येईन."

त्यांनी कागद छातीशी धरला. "पास केलेलं प्रूफ दुसऱ्याच्या हाती पाठवत नाहीत."

"तीनशे चाळीस पावलं आहेत, अहो!" सासूबाई म्हणाल्या.

"मला मोजता येतात."

चार वाजले. भिंगकाका जिना उतरले, एका हातात कठडा, एका हातात काठी, कागद शर्टाच्या खिशात. गल्लीत ऊन तिरपं झालं होतं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल. सासूबाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या, अर्धा बार हातात आणि तो खायचं भान नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार बाहेर आला, आणि त्यानं दारातलं स्टूल आत ओढून घेतलं. सून बेकरीच्या पायरीवर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. एकशे दहा. एकशे वीस. ते तिच्यासमोरून गेले तेव्हा तिनं मुद्दाम हात बांधून घेतले, आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून.

दोनशेच्या पुढे, विजेच्या खांबापाशी, ते थांबले.

ते खांबाला टेकले. मान खाली गेली. सून पायरी उतरली, धावायला निघालीच, आणि तेवढ्यात तिला दिसलं की त्यांनी काठी काखेत धरली आहे. खिशातून कागद निघाला. मग भिंग. ते कागदावर वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि मग दुसऱ्या खिशातून लाल पेन्सिल काढली.

"अरे देवा," सून म्हणाली. "चौथं प्रूफ."

त्यांनी खांबावर कागद टेकवून काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, कागद घडी करून परत खिशात ठेवला. मग काठी खाली टेकवली आणि निघाले, आधीपेक्षा जरा जोरातच. ती पायरीवर उभी राहून त्यांची पाठ बघत राहिली, छापखान्याच्या दारात ती दिसेनाशी होईपर्यंत.